बहुरंगीपणा ही राजधान्यांची जहागीर नव्हे

भिन्न भाषांची, धर्मांची माणसं एकत्र नांदण्याचा विषय निघाला की आपले विचारवंत थेट लंडन गाठतात. फार तर मुंबईवर थांबतात. त्यांचं म्हणणं असं, की वैविध्य पेलायला राजधानीच हवी. तिथला पैसा, तिथली विद्यापीठं आणि कुणी कुणाला न ओळखण्यातली मोकळीक यांशिवाय परक्याला सामावून घेता येत नाही. बाकीची शहरं जातीपातीत रुतलेली. यातलं मोकळीकीचं म्हणणं खरं आहे. खेड्यातल्या ओळखीपाळखीत दलितांचं काय होतं, हे आंबेडकरांनी बजावून ठेवलेलं आहेच. पण अनोळखीपणाने माणूस सुटतो, शेजार तयार होत नाही. राजधानीत इंग्रजी किंवा हिंदी मध्ये असते, म्हणून शेजाऱ्याची भाषा शिकण्याची कुणालाच गरज पडत नाही.

सोलापूरच्या भवानी पेठेत ती गरज पडली, आणि ती उदारमतवादातून नव्हे, पोटातून आली. सोलापुरात 1877 साली ‘जुनी गिरणी’ उभी राहिली, पुढे नरसिंगगिरजी, लक्ष्मी-विष्णू आल्या. निजामाच्या तेलंगणातून पद्मशाली विणकर मागासह आले. कन्नड बोलणारे लिंगायत आधीपासूनच इथले; मराठी आणि दखनी उर्दू होत्याच. चादर विणणारा, कांड्या भरणाऱ्या बाया, सूत विकणारा व्यापारी, विड्यांचा हिशेब ठेवणारा मुनीम यांच्या घरची भाषा वेगवेगळी असू शकते. व्यवहार मात्र एकच. 2011च्या जनगणनेत जेमतेम साडेनऊ लाखांच्या या शहरात महापालिकेच्या शाळा मराठी, उर्दू, कन्नड आणि तेलुगू अशा चार माध्यमांच्या. ग्रामदैवत सिद्धरामेश्वर कन्नड वचनकार, आणि गड्ड्याच्या यात्रेत त्यांच्या सात नंदीध्वजांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे वाटलेले.

यावर आक्षेप येईल की हा सगळा देखावा आहे. वस्त्या वेगळ्या, सोयरिकी जातीतच, आणि निवडणुकीत मतं समाजावारीच मोजली जातात. हे खरं आहे, आणि लपवण्याजोगं नाही. मात्र एकत्र नांदण्याची कसोटी लग्नपत्रिकेवरच लावायची, तर लंडन-मुंबईही सर्रास नापास होतील. 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी गेलेले सोलापूरचे चौघे पाहा: मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन. 1930 साली इथे मार्शल लॉ लावणाऱ्या सरकारला या शहराला शिक्षा द्यायची होती, तेव्हा एकाच जातीची माणसं त्याला सापडली नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक अवघड: बहुभाषिक शहरावर शेजारचं राज्य हक्क सांगतं. सीमावादावरच्या महाजन आयोगाने 1967 साली अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरातली गावं आजच्या कर्नाटकाला देण्याची शिफारस केली. 2022 साली कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी तो हक्क पुन्हा उगाळला. म्हणून इथली कन्नड दाबावी, असं ज्यांना वाटतं त्यांनी जरा थांबावं. कन्नड कवी द. रा. बेंद्रे 1944 ते 1956 सोलापूरच्या महाविद्यालयात कन्नड शिकवत होते. सोलापूरच्याच जयदेवीताई लिगाडे 1974 साली मंड्याच्या कन्नड साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या, आणि त्यांनी मराठीतही लिहिलं. त्यांच्या कन्नडमुळे इथल्या मराठीचा एक शब्दही उणा झाला नाही. दाव्याचं उत्तर कायद्याने द्यावं, शाळेच्या कुलपाने नव्हे.

खरा धोका भाषेत नाहीच. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, यंत्रमाग अडचणीत आहेत, तरुण पुण्याची वाट धरतात, आणि तेलुगू घरातलं मूल इंग्रजी माध्यमात जातं. ज्या कामामुळे शेजाऱ्याची भाषा शिकावी लागायची, तेच आटलं, तर भवानी पेठेतही राजधानीसारखे निव्वळ रहिवासी उरतील. तेव्हा महोत्सवांवर आणि बहुसांस्कृतिक चर्चासत्रांवर खर्च करण्याआधी सरकारने यंत्रमागाच्या विजेचे दर पाहावेत, आणि महापालिकेने तेलुगू, कन्नड वर्गांवरची रिकामी पदं भरावीत.