किडीची बातमी आणि औषधाचा बाजार

राष्ट्रकुल जैविक नियंत्रण संस्थेचे भारतीय केंद्र 1957 साली बेंगळुरूमध्ये सुरू झाले, तेव्हा किडीची बातमी टपालाने प्रवास करीत असे. अल्कोहोलच्या शिशीतील नमुना, सोबत पीक, गाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी, आणि उत्तरासाठी काही आठवड्यांची प्रतीक्षा. या केंद्राची परंपरा 1993 मध्ये जैविक नियंत्रण प्रकल्प संचालनालयाकडे आली आणि तेच आज राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो या नावाने ओळखले जाते. दरम्यान शहर पार बदलले. देवनहळ्ळीच्या ज्या पट्ट्यात द्राक्षबागांची सर्वेक्षणे होत, तेथे 2008 पासून विमाने उतरतात. शिशीची जागा मोबाइलवरील छायाचित्राने घेतली. या बदलाचे स्वागतच झाले पाहिजे. मात्र त्यातून कोणत्या बातमीला वेग आला आणि कोणती बातमी मागे पडली, हा प्रश्न कृषी विस्ताराच्या क्षेत्रात पुरेसा विचारला जात नाही.

जुलै 2002 मध्ये सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आढळला आणि काही आठवड्यांतच तो उत्तर कर्नाटकात पोहोचला. त्या वेळी बातमीची साधने मोजकी होती: आकाशवाणी, दूरदर्शनवरील ‘आमची माती, आमची माणसं’, कृषी विभागाचे ‘शेतकरी’ मासिक आणि साखर कारखान्यांचे शेतकी कर्मचारी. ‘अ‍ॅग्रोवन’ सुरू व्हायला अजून तीन वर्षे होती. प्रथम फवारण्यांचाच धडाका झाला. पुढे डिफा आणि मायक्रोमस हे परभक्षी कीटक माव्याचा फडशा पाडतात, हे शेतातच दिसून आले. मित्रकीटकांच्या अळ्या व कोष असलेली पाने एका फडातून दुसऱ्या फडात नेऊन बांधली जाऊ लागली. हे ज्ञान हळू पसरले, परंतु पसरताना प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी पान उलटून पाहिलेले असे. ते अफवेच्या वेगाने धावत नव्हते, म्हणूनच बहुधा टिकले.

मे 2018 मध्ये मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम कर्नाटकातील शिवमोग्गा परिसरात नोंदली गेली. जुलैअखेर बेंगळुरूहून सावधानतेची सूचना निघाली आणि सप्टेंबरमध्ये सोलापूर जिल्ह्यातील मक्यावर तीच अळी सापडली. वाऱ्याच्या साथीने एका रात्रीत शंभर किलोमीटर जाऊ शकणाऱ्या पतंगाशी टपालाने स्पर्धा झाली नसती. डोक्यावरील उलट्या ‘वाय’ची खूण आणि शेपटीकडील आठव्या खंडावर चौकोनात असलेले चार ठिपके, एवढे छायाचित्रात दिसले तरी ओळख पटत असे. हजारो शेतकऱ्यांनी स्वतःच्या मक्याचा पोंगा उघडून तशी छायाचित्रे काढली. या कामगिरीचे श्रेय मोबाइलला दिलेच पाहिजे.

पण प्रत्येक कीड इतकी छायाचित्रानुकूल नसते. ‘थ्रिप्स पार्व्हिस्पायनस’ या फुलकिड्याची भारतातील पहिली नोंद 2015 मध्ये बेंगळुरूतील पपईवर झाली. पुढे 2021 च्या हंगामात आंध्र प्रदेश, तेलंगणा आणि कर्नाटकातील मिरचीच्या फुलांची त्याने दैना केली. हा फुलकिडा जेमतेम एक मिलिमीटरचा. त्याच्या प्रजातीची खात्री करायची तर काचपट्टीवर नमुना बसवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. मोबाइलच्या पडद्यावर तो काळसर ठिपक्यासारखा दिसतो, आणि ठिपक्याला कोणतेही नाव देता येते. चुकीच्या नावावर एकामागून एक कीटकनाशके फवारली गेली की परभक्षी कोळी आणि ढेकूण आधी मरतात, फुलकिडे मागे उरतात.

याच वेगाची दुसरी बाजू सप्टेंबर 2022 मध्ये दिसली. महाराष्ट्रात ‘घोणस अळी’ या नावाने आणि कर्नाटकात कापसावरील ‘विषारी अळी’ म्हणून एक संदेश फिरू लागला: ही अळी चावल्यास पाच मिनिटांत मृत्यू येतो. सोबत मृतदेहांचे छायाचित्र होते. प्रत्यक्षात ते वीज कोसळून झालेल्या मृत्यूंचे होते. या गटातील अळीच्या काट्यांमध्ये दाहक द्रव्य असते. स्पर्श झाल्यास तीव्र आग, सूज आणि खाज येते. चिकटपट्टी लावून काटे काढणे, जागा धुणे आणि त्रास वाढल्यास डॉक्टरांना दाखवणे एवढेच बहुधा पुरते. कीटकशास्त्रज्ञांनी खुलासे केले, वृत्तपत्रांनी ते छापले. तोवर अनेक ठिकाणी मजूर शेतात उतरायला धजत नव्हते. खुलासा भीतीपेक्षा नेहमीच एक दिवस उशिरा पोहोचतो.

माध्यमांपेक्षाही मोठा बदल बाजारात झाला आहे. कृषी सेवा केंद्राचा चालक हा अनेक गावांत आजही पहिला सल्लागार असतो. त्याच्याकडे उधारी असते, आणि उधारी असलेल्या दुकानातून कोणते औषध घ्यायचे हे बऱ्याचदा पीक ठरवत नाही. (विषाला ‘औषध’ म्हणण्याची मराठीतील सवय किती महाग पडते, हे यवतमाळने 2017 मध्ये पाहिले आहे.) नोव्हेंबर 2022 मध्ये नियम बदलून परवानाधारकांना कीटकनाशकांची ऑनलाइन विक्री करण्यास मुभा मिळाली. पुस्तके विकण्यासाठी 2007 मध्ये फ्लिपकार्ट ज्या शहरात सुरू झाली, त्याच बेंगळुरूत आता शेतमाल आणि निविष्ठांच्या व्यवहारातील नवउद्योगांची गर्दी आहे. दर उघड झाले, बनावट मालाला काही प्रमाणात आळा बसण्याची शक्यता निर्माण झाली, हे लाभ नाकारण्यासारखे नाहीत. तथापि छायाचित्रावरून रोगनिदान आणि त्याच पडद्यावर खरेदीचे बटण, ही रचना तपासून पाहण्याजोगी आहे. ‘आज काहीच फवारू नका’ या सल्ल्यासाठी त्या पडद्यावर कोणते बटण आहे?

पपईवरील पिठ्या ढेकणाचे उदाहरण येथे बोलके ठरते. 2008 मध्ये कोइम्बतूरजवळ तो प्रथम आढळला आणि पपई, तुती, टॅपिओका अशा पिकांवर पसरला. मेणचट आवरणामुळे फवारण्या वाया जात होत्या. 2010 मध्ये ‘असेरोफेगस पपायी’ हा चिमुकला परोपजीवी कीटक प्वेर्तो रिकोहून बेंगळुरूत आणला गेला, तपासण्यांनंतर वाढवून सोडला गेला, आणि काही महिन्यांत ढेकूण आटोक्यात आला. आज तो कीटक बागांमध्ये स्वतःहून पुनरुत्पादन करतो. तो कोणी विकत नाही, म्हणून त्याची जाहिरात नाही, सवलत नाही, वितरकांचा मेळावा नाही. त्याच्याविषयी न ऐकलेल्या बागायतदाराने पिठ्या ढेकूण दिसताच तीव्र कीटकनाशक फवारले, तर फुकट मिळालेला हा रखवालदार सर्वांत आधी मरतो. विकता येते त्याची बातमी वेगाने धावते. विकता येत नाही त्याची बातमी पोहोचवणारा विस्तार कार्यकर्ता आणि शेजारचा जाणता शेतकरी याखेरीज दुसरा वाहक उरलेला नाही.

त्या दृष्टीने गावोगावच्या मोबाइल गटांचे काम थोडे वेगळ्या रीतीने चालावे. किडीच्या छायाचित्रासोबत पीक, पिकाची अवस्था, गाव आणि तारीख असलीच पाहिजे. जुन्या चिठ्ठीवर हेच चार शब्द असत. पाहिलेल्या वीस झाडांपैकी किती झाडांवर कीड आहे आणि त्याच झाडांवर ढालकिडे, क्रायसोपा, कोळी किती आहेत, तेही लिहिले जावे. ठिपक्याएवढी कीड असेल तर नमुना शिशीतूनच कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा विद्यापीठाकडे जावा, त्याला दोन दिवस अधिक लागले तरी चालेल. शिवाय विस्तार यंत्रणेच्या मासिक अहवालात फवारणीच्या शिफारशींबरोबर एक रकाना असा हवा, ज्यात नुकसानीची पातळी न ओलांडल्यामुळे किती शेतांवर फवारणी टाळण्यात आली, याची गावनिहाय नोंद होईल.