ए व्हू? – आणि तुम्ही?

फ्रेंचच्या पहिल्याच तासाला सरांनी मला विचारले, “कोमाँतालेव्हू?” म्हणजे, आपण कसे आहात? मी मनातल्या मनात ‘मी बरा आहे’चे शब्दशः भाषांतर केले आणि ठोकून दिले, “झ स्वी ब्याँ.” सर हसले. म्हणाले, “म्हणजे बाकावर ऐसपैस बसला आहात तर! फ्रेंच माणूस बरा ‘असत’ नाही, बरा ‘चालतो’. म्हणा, झ व्हे ब्याँ, मेर्सी.”

वर्गात हशा पिकला. मला मात्र त्यात परके काही वाटेना. आपणही ‘कसं काय चाललंय?’ असे विचारतो आणि ‘चाललंय’ म्हणून मोकळे होतो. त्यांचे ‘सा व्हा?’ – ‘सा व्हा’ हे नेमके तेच. प्रश्न आणि उत्तर यांत फरक फक्त सुराचा. ‘पा माल’ म्हणजे शब्दशः ‘वाईट नाही’, पण अर्थ ‘चांगलेच आहे’. आपल्या ‘बरं आहे’चा हा सख्खा भाऊच! ‘व्हू’ हे अनेकवचनी तसेच आदरार्थीही, जसे आपले ‘तुम्ही’. म्हणून उत्तराच्या शेवटी सरांना ‘ए व्हू?’ आणि मित्राला ‘ए त्वा?’ विचारायचे, हे आम्हांला घोकावे लागले नाही.

घोकली ती उत्तरे. तोंडी परीक्षेसाठी मी आणि माझा एक वर्गमित्र रोज सराव करीत असू. मी विचारी, “सा व्हा?” तो म्हणे, “त्रे ब्याँ, मेर्सी. ए त्वा?” मी त्याचे उच्चार तपासून पुढच्या प्रश्नाकडे वळे. आठवड्याने कँटीनमध्ये कळले, की त्याचे वडील त्या साऱ्या दिवसांत गावच्या दवाखान्यात होते. ‘त्रे ब्याँ’ म्हणजे ‘अगदी उत्तम’! त्याचे अनुनासिक उच्चार निर्दोष होते. चेहऱ्याकडे मात्र मी पाहिलेच नव्हते.

मग हा शिष्टाचार म्हणजे निव्वळ ढोंग, असे म्हणावे काय? आमच्यातले काही जण तसे म्हणतात. मला ते पटत नाही. जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्यापुढे कोणी आपले दुःख उलगडून बसत नाही, आणि बसूही नये. तिथे ‘ब्याँ, मेर्सी’ हेच उत्तर शोभते. त्यात खोटेपणा नाही, समोरच्यावर आपले ओझे न टाकण्याचा समंजसपणा आहे. पण जवळच्या माणसासाठी त्याच भाषेत ‘पा त्रे ब्याँ’, म्हणजे ‘फारसे ठीक नाही’, हेही उत्तर आहे. ते देण्याचे धैर्य मात्र विचारणाऱ्याच्या नजरेतून मिळते, आणि माझी नजर वहीत होती.

म्हणून माझे मत असे, की या उत्तरातला खरा सभ्यपणा ‘मेर्सी’त नाही, तो शेवटच्या ‘ए व्हू?’त आहे. ‘मेर्सी’पर्यंत आपण स्वतःविषयी बोलत असतो, ‘ए व्हू?’पासून दुसऱ्याविषयी. तो प्रश्न विचारून उत्तराला न थांबणे म्हणजे दार ठोठावून पळून जाणे.

परीक्षेत मला चांगले गुण मिळाले. मित्राचे वडीलही बरे होऊन घरी आले. आता तो भेटला, की मी ‘सा व्हा?’ विचारतो आणि थांबतो. तो कधी हसून ‘सा व्हा’ म्हणतो, कधी नुसताच शेजारी बसतो.