सन्मान आणि सखल शेत

शास्त्रज्ञास पारितोषिक मिळाले की त्याचे छायाचित्र छापावे, अभिनंदनाचे चार शब्द लिहावेत आणि दुसऱ्या दिवशी सारे विसरून जावे, ही आपली जुनी रीत आहे. २०२२ साली इस्राएलमधील वुल्फ प्रतिष्ठानाने कृषिविज्ञानाचे पारितोषिक कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील डॉ. पामेला रोनाल्ड यांना दिले. भाताला रोगापासून व प्रतिकूल परिस्थितीपासून तारणाऱ्या गुणांचा त्यांनी जो शोध घेतला, त्याचा हा गौरव होता. या गौरवाकडे पुन्हा एकदा नीट पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते. कारण तापलेल्या हवेत बाष्प अधिक मावते आणि पाऊस एकदम कोसळण्याचा संभव वाढतो. आणि त्या पावसाशी झुंजणाऱ्या भाताचे मूळ कॅलिफोर्नियात नसून ओडिशाच्या खाचरात आहे.

भाताला पाणी प्रिय, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु पायाशी पाणी असणे वेगळे आणि डोक्यावरून पाणी जाणे वेगळे. पूर्ण बुडालेले सामान्य रोप पाण्यावर डोके काढण्यासाठी भराभर उंच होऊ पाहते. त्या धडपडीत अंगातील सारा साठा ते खर्चून बसते आणि पूर लवकर ओसरला नाही, तर मरून जाते. ओडिशातील एका देशी वाणातून निवडलेल्या ‘एफआर १३ ए’ या भाताची रीत नेमकी उलट. पाणी डोक्यावरून गेले की ते वाढ आवरते, साठा राखून स्वस्थ बसते आणि पूर उतरल्यावर पुन्हा फुटते.

हा गुण ठाऊक होता, पण त्या वाणाचे उत्पन्न बेताचे. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने व इतर संशोधकांनी त्यावर वर्षानुवर्षे काम केले. डेव्हिड मॅकिल व केनाँग शू यांनी या गुणाचे स्थान नवव्या गुणसूत्रावर असल्याचे १९९६ साली दाखवून दिले. मॅकिल, रोनाल्ड, ज्युलिया बेली-सेरेस प्रभृतींच्या सहकार्यातून २००६ साली प्रत्यक्ष जनुकाची ओळख जगापुढे आली. मग पूर्व भारतातील शेतकऱ्यांच्या आवडत्या ‘स्वर्णा’ वाणात, जनुकीय खुणांच्या आधारे निवड करीत, तो गुण साध्या संकराने उतरविण्यात आला. २००९ साली ‘स्वर्णा सब-१’ भारतीय शेतकऱ्यांसाठी प्रसृत झाले. सुमारे दोन आठवडे बुडून राहण्याची ताकद त्यात आहे.

पारितोषिकावर नाव एकाचे कोरले जाते. त्यात विजेत्याचा दोष नाही. पण ज्या अनाम शेतकऱ्यांनी हे बियाणे पिढ्यान्‌पिढ्या राखले, ज्यांनी त्यातून निवड केली, ज्यांनी ते बीजसंग्रहात जपून ठेवले, त्यांपैकी एक दुवा तुटता, तर गौरव करण्याजोगे काहीच हाती उरले नसते. विज्ञान म्हणजे एका प्रतिभावंताचा चमत्कार, ही समजूत म्हणूनच घातक आहे. ती रुजली की बीजसंग्रह व चाचणीची शेते यांवरील खर्च निरर्थक वाटू लागतो आणि अंदाजपत्रकातील कात्री प्रथम तिथेच चालते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ओडिशात शेतकऱ्यांच्या प्रत्यक्ष शेतांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. दहा दिवस पाण्याखाली राहिलेल्या शेतात या वाणाचे उत्पन्न प्रचलित वाणाहून सुमारे ४५ टक्के अधिक भरत असल्याचा अंदाज त्यात होता. पूर न आल्यास तोटा काहीच नव्हता. त्याच अभ्यासात असेही दिसले की, पुराच्या वाटेतील सखल जमिनी अधिक करून खालच्या मानल्या गेलेल्या जातींच्या वाट्यास आलेल्या आहेत. म्हणजे निसर्गाचा कोप सर्वांवर सारखा होत नाही. समाजाने ज्याला खाली ढकलले, त्याच्याच शेतात पाणी आधी शिरते. असे बियाणे त्या शेतापर्यंत वेळेवर पोहोचणे ही निव्वळ शेतकी खात्याची बाब नसून न्यायाची बाब आहे.

अर्थात, या वाणास मर्यादा आहेत. पूर त्याहून लांबला, तर तेही टिकत नाही. शिवाय बदलत्या हवामानाशी जुळवून घेणे म्हणजे तो बदल घडविण्याचा परवाना नव्हे. ज्यांच्या गिरण्यांनी व मोटारींनी हवा तापविली, त्यांनी सखल शेतातील माणसाला नवे बी देऊन आपण मोकळे झालो असे मानू नये. आणि शहरात पंख्याखाली बसून हे वाचणारे आपण सारेही त्या धुराचे थोडेबहुत भागीदार आहोतच.

महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर कोकणात व पूर्व विदर्भात भातच मुख्य पीक आहे आणि देशी वाणे राखणाऱ्या अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांना पद्मश्री देऊन शासनाने या कामाचे मोल मान्य केले आहे. आता मान्यतेपलीकडे जावे. देशी वाणांच्या संग्रहांना वर्षागणिक हात न पसरता चालणारी तरतूद हवी, त्यांची पारख कृषी विद्यापीठांनी नेटाने करावी आणि पारखलेले बी पेरणीपूर्वी लहान शेतकऱ्याच्या हाती पडावे. पुढील पुराचे पाणी कोणत्या खाचरात आधी भरणार, हे गावातील प्रत्येकाला ठाऊक असते. शासनाच्या बियाण्याच्या यादीत ते खाचर पहिले असावे, एवढेच आमचे मागणे आहे.