एका डोक्याला पाऊण तास

उवा झालेल्या बाईचं डोकं नीट साफ करायला पाऊण तास लागतो. आधी औषध चोळायचं, थोडं थांबायचं, मग फणी घ्यायची. फणी लाकडी, बारीक दातांची. प्लॅस्टिकच्या फणीचे दात वाकतात आणि लिखा जिथल्या तिथे राहतात. बाई एका जागी बसली तर पाऊण तास; मध्येच उठून गेली किंवा रडायला लागली, तर उरलेलं डोकं उद्या.

मी संस्थेत रुजू झाले तेव्हा तिथे ३८ बायका होत्या आणि दिवसपाळीला दोन मावश्या. अडतीस डोकी, प्रत्येकी पाऊण तास, म्हणजे साडेअठ्ठावीस तास. वस्तऱ्याने दहा मिनिटांत एक डोकं होतं. त्यामुळे पहिल्या दिवशी मी अंगणात पाऊल टाकलं तेव्हा समोर ओळीने टकलं बसली होती. मला राग आला आणि तो मी मावश्यांवर काढला. हिशेब कळायला पुढे दीड महिना गेला.

एकोणीस वर्षं मी त्या मनोरुग्ण स्त्रियांच्या निवासी संस्थेत काढली. शिक्षण ए.एन.एम.चं, कागदावर हुद्दा अधीक्षिकेचा, आणि सगळ्यांच्या तोंडी 'ताई'. आता निवृत्त झाले आहे, म्हणून मोकळेपणाने लिहिते. आपल्याकडे मानसिक आजारावर बोलणं बरंच वाढलं, आणि ते चांगलंच झालं. पण व्याख्यानाला पहिल्या रांगेत डॉक्टर असतात, समुपदेशक असतात, नातेवाईक असतात. रात्री दोन वाजता वॉर्डात जागी असते ती मावशी. तिला कुणी बोलावत नाही, आणि शिकवत तर त्याहून नाही.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याचं कलम २० मी मराठीत करून भिंतीवर लावलं होतं. रुग्णाचं डोकं जबरदस्तीने भादरायचं नाही. ज्याला स्वतःचे कपडे घालायचेत त्याच्यावर गणवेश लादायचा नाही. काम करून घेतलंत तर मोबदला द्या. त्याच कायद्यात पुढे, साखळीने कुणाला कसंही बांधायचं नाही, असं स्वच्छ लिहिलं आहे. शब्दाशब्दाशी मी सहमत आहे. पण कपाटात ३८ जणींचे वेगवेगळे कपडे म्हणजे धुणं वेगळं, खुणा वेगळ्या, 'माझा परकर तिने घातला' ही भांडणं वेगळी. हक्क मिळाला की मागोमाग काम येतं, आणि ते करायला हात लागतात. भिंतीवर कागद लावून मी दोनाचे तीन हात करू शकले नाही.

तामिळनाडूतल्या एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली. झोपडीतले मनोरुग्ण साखळीने बांधलेले होते, पळता आलं नाही. २८ जण गेले. माणसं इतकी निर्दय कशी होतात, असं तेव्हा सगळ्यांनी विचारलं, मीही विचारलं. या कामात पडल्यावर माझ्या मनात दुसरा प्रश्न यायला लागला: त्या रात्री तिथे जागं कोण होतं, किती जण होते? साखळी बांधणाऱ्याची मी बाजू घेत नाही. पण जिथे रात्रपाळीला माणूस नेमलेला नसतो तिथे कुलूप, साखळी, नाहीतर झोपेच्या गोळीचा वाढीव डोस त्याची नोकरी करतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता माझीच एक चूक. आमच्याकडे एक बाई होती, तिच्याजवळ गाठोडं असायचं. दुधाच्या धुतलेल्या पिशव्या, दोरे, बटणं, एका चपलेचा अंगठा. दुसऱ्या दिवशी तपासणी येणार होती. ती आंघोळीला गेल्यावर मी गाठोडं उचललं आणि बंबात घातलं. संस्था चकचकीत दिसली, शेराही चांगला मिळाला. ती बाई त्यानंतर चार महिने माझ्याशी बोलली नाही; इतरांशी बोलायची, मी आले की भिंतीकडे तोंड. मला तो आजार वाटत होता. आमच्या मावशीने, चौथी शिकलेल्या, मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, ''ताई, तिच्या घरातून तिला काढली तेव्हा तिच्या हातात काही दिलं नव्हतं. हे तिने परत जमवलं होतं.'' मी फाईल वाचली होती, त्यात हे नव्हतं. मावशी तिच्या शेजारी बसून शेंगा सोलायच्या, त्यांना माहीत होतं.

संशयाचा आजार असलेल्या माणसाशी वाद घालू नये, हे पुस्तकात असतं. घालायचा नाही तर करायचं काय, ते अनुभवाने येतं. एक मुलगी आली, बावीस-तेवीसची. जेवणात विष आहे म्हणून तीन दिवस उपाशी. ''अगं, विष कशाला घालतील?'' असं सगळे सांगत होते आणि प्रत्येक सांगण्यागणिक तिची खात्री वाढत होती. साहजिक आहे, विष घालणाराही हेच म्हणेल. मावशींनी तिच्यापुढे सालासकट केळं ठेवलं आणि निघून गेल्या. केळं संपलं. संध्याकाळी कवचासकट उकडलेलं अंडं. दुसऱ्या दिवशी तिला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाल्या, ''पातेल्यातून तुझं तू वाढून घे, मग त्याच पातेल्यातलं मी घेते.'' तिचा संशय तेवढ्याने गेला नाही, तो औषधाने हळूहळू उतरला. पण औषध पोटात जाण्याइतका काळ तरी ती जगायला हवी होती ना.

औषधांचंही तेच. क्लोझापिन सुरू केलं की पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासतात, पांढऱ्या पेशी घटत नाहीत ना ते बघायला. ते सगळे कसोशीने करतात, कारण रिपोर्टचा कागद येतो. त्याच गोळीने आतडं मंदावतं, बद्धकोष्ठ होतं आणि दुर्लक्ष झालं तर जिवावर बेततं. त्याचा कागद येत नाही. मी एक वही घातली. कोण परसाकडे गेली, कोण नाही, रोजची खूण. पहिल्यांदा सगळे हसले, एक डॉक्टरही हसले. मावश्या मात्र हसायच्या थांबल्या, कारण ती वही त्यांच्याच हातात होती आणि पहिल्यांदा कुणीतरी त्यांनी लिहिलेलं वाचत होतं.

आणि हरतालिका. लिथियमवर असलेली एक बाई, सगळ्या तिला मामी म्हणायच्या. नवऱ्याने अकरा वर्षांपूर्वी आणून सोडलेली. त्यानंतर त्याचा फोन नाही. मामी दरवर्षी त्याच्यासाठी निर्जळी हरतालिका धरायची. लिथियम चालू असताना पाणी तोडायचं नसतं. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. एका वर्षी आमच्या ध्यानात आलं नाही. संध्याकाळी तिचे हात इतके कापायला लागले की आरतीचं तबक हातात ठरेना, मग उलट्या. रात्री गाडी काढून तालुक्याला नेलं, सलाईन लावलं, निभावलं. पुढच्या वर्षापासून आम्ही काय केलं? उपास करू नको म्हणालो असतो तर तिने ऐकलं नसतं. गोळ्या घेताना घेतलेल्या पाण्याने उपास मोडत नाही, असं गुरुजींकडून तिला सांगवलं. त्या दिवशी मामीचं 'गोळीचं पाणी' तांब्याने असायचं आणि चार वेळा असायचं. गुरुजींना पुण्य लागलं असेल ते असो.

हे ज्ञान कुठल्या अभ्यासक्रमात येत नाही असं मी म्हणत नाही. मावशीपर्यंत येत नाही, असं म्हणते. आमच्याकडची जाहिरात काय असायची? 'आया पाहिजे, रात्री राहण्याची तयारी हवी.' आली की पहिल्या संध्याकाळी किल्ल्यांचा जुडगा हातात. आवाज ऐकू येतात म्हणजे काय, उठत नाही ती बाई आळशी की आजारी, औषधाने जीभ जड होते ती कशी ओळखायची, अंगावर धावून आली तर दाराकडे पाठ ठेवायची की तोंड, यातलं एक अक्षर तिला कुणी सांगितलेलं नसतं. मग ती ओरडते. मग आपण तिचा व्हिडिओ बघून हळहळतो.

देणगीदार येतात, चांगली माणसं असतात. पंखे देतात, ब्लँकेटं देतात, वाढदिवसाला गुलाबजाम वाढतात. एकोणीस वर्षांत एकाही देणगीदाराने मला विचारलं नाही की रात्रपाळीला एक बाई वाढवायला वर्षाचे किती लागतील. पंख्यावर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' लिहिता येतं. पगारावर कुठे लिहिणार? सरकारी कचेरीतही मला पहिला प्रश्न खाटांचा यायचा. एकट्या येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या मंजूर खाटा २५४० आहेत, हा आकडा कुठेही सापडतो. मला दुसरे आकडे हवेत: रात्री किती बायकांमागे किती जागे हात, आणि त्या हातांना कामावर घेण्याआधी किती दिवस शिकवलं. प्रत्येक संस्थेच्या दारावर हे दोन आकडे लावायला लावा. महिनाभराचं प्रशिक्षण, तेही जुन्या मावशीच्या जोडीने पाळी करून, आणि पोट भरेल असा पगार. यात मोठं विज्ञान नाही, पैसा आहे.

घरी परत पाठवण्याबद्दलही दोन शब्द. केवळ घरचे नेत नाहीत किंवा घरच नाही, एवढ्यासाठी कुणाला संस्थेत ठेवता येणार नाही, असं कलम १९ म्हणतं. आमच्याकडे निम्म्याहून अधिक जणी बऱ्या होऊन बसलेल्या होत्या. फोन लावला की नंबर चुकीचा, पत्त्यावर गेलं की घर विकलेलं. एका भावाने मला ओसरीवर बसवून चहा दिला आणि आतून कागद आणला. बहिणीचा अंगठा तेवढा आणून द्या म्हणाला. मी चहा अर्धा टाकून उठले.

परवा त्या बाजूला लग्नाला गेले होते, वाट वाकडी करून संस्थेत डोकावले. दुपारची वेळ. नवी मुलगी आलेली आहे कामाला, ती उंबऱ्यात बसून एकीचं डोकं विंचरत होती. मागे तिघी रांगेत. मला ओळखत नव्हती, तरी म्हणाली, ''बसा ना मावशी, तिथं दुसरी फणी आहे बघा.'' मी पदर खोचला आणि बसले. माझ्या पुढ्यात आलेल्या बाईने आधीच बजावलं, भांग डावीकडून पाडायचा.