केबल कंपन्यांना जाहीर इशारा: पंधरा दिवसांत नंबर जागेवर आणा

आमच्या शहरात केबलचा धंदा करणाऱ्या दोन्ही कंपन्यांच्या मालकांनी हे नीट वाचावे. गेले काही महिने तुम्ही मराठी बातम्यांच्या वाहिन्यांचे नंबर वाटेल तसे फिरवत आहात. एका कंपनीने मर्जीतली वाहिनी पुढे आणली की दुसरी तीच वाहिनी उचलून भक्तिसंगीताच्याही मागे नेऊन टाकते. मग पहिली कंपनी दुसरीच्या मर्जीतल्या वाहिनीवर सूड उगवते. तुमच्या या कुरघोडीत कोणाचे किती लाख बुडाले याच्याशी आम्हा ग्राहकांना कर्तव्य नाही. महिन्याचे पैसे आम्ही आगाऊ भरतो. हा मजकूर छापून आल्यापासून पंधरा दिवसांच्या आत सगळ्या वाहिन्या पूर्वीच्या नंबरांवर परत आल्या पाहिजेत.

हे आम्ही उपकार म्हणून मागत नाही. दूरसंचार आणि प्रसारणाचे नियमन करणाऱ्या ट्रायच्या २०१७ च्या इंटरकनेक्शन नियमांत वाहिन्यांची मांडणी कशी करायची ते स्वच्छ लिहिले आहे. एका प्रकारच्या वाहिन्या एकत्र ठेवायच्या, एक वाहिनी एकाच ठिकाणी दाखवायची आणि दिलेला नंबर किमान वर्षभर हलवायचा नाही. २०२० च्या दुरुस्तीने हे आणखी आवळले. आता ट्रायची आधी परवानगी घेतल्याशिवाय नंबर बदलताच येत नाही, आणि एका प्रकारातल्या एका भाषेच्या वाहिन्याही शेजारी शेजारी हव्यात. तुमच्याकडे अशी परवानगी असेल तर तिची प्रत तुमच्या कार्यालयाच्या दारावर लावा. आम्ही लेखी विचारणा केली तेव्हा एका कंपनीने ‘तांत्रिक कारण’ एवढेच कळवले. दुसरीने तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

तांत्रिक कारणाची ढाल आता चालणार नाही. एक काळ होता, तेव्हा तिच्यात तथ्य होते. अॅनालॉग केबलवर सगळ्या वाहिन्या सारख्या दिसत नसत. प्राइम बँडवर, म्हणजे पुढच्या मोजक्या जागांवर, चित्र स्वच्छ यायचे, वरच्या बँडवर मुंग्या यायच्या, आणि जुन्या टीव्हीवर तर त्या वाहिन्या लागायच्याच नाहीत. म्हणून तर १९९५ च्या केबल कायद्यात दूरदर्शनच्या वाहिन्या प्राइम बँडवर दाखवण्याची सक्ती करावी लागली. पुढची जागा खरोखरच मोजकी होती आणि तिच्यासाठी वाहिन्या पैसे मोजत. पण मुंबईत २०१२ च्या अखेरीस आणि पुणे, नागपूर, नाशिकमध्ये २०१३ साली सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला, २०१७ पर्यंत तो खेडोपाडी गेला. आता पाचव्या नंबरवरची वाहिनी आणि पाचशेव्या नंबरवरची वाहिनी सारखीच स्वच्छ दिसते. टंचाई संपली, टंचाईचे भाडे मात्र संपले नाही.

वाहिनी दाखवण्यासाठी घ्यायच्या कॅरेज फीला ट्रायने २०१७ मध्ये मर्यादा घातली: तेव्हा साध्या वाहिनीला दर ग्राहकामागे महिन्याला जास्तीत जास्त २० पैसे, एचडीला ४०. २०२० मध्ये त्यावर एका वाहिनीमागे महिन्याला चार लाखांची कमाल मर्यादाही आली. मग पैसा प्लेसमेंट आणि मार्केटिंगच्या करारांतून वाहू लागला. बॉक्स सुरू करताच आपोआप जी वाहिनी उघडते, ते लँडिंग पेजही विकले जाते. डिसेंबर २०१८ मध्ये ट्रायने रेटिंग मोजल्या जाणाऱ्या वाहिन्या तिथे ठेवायला मज्जाव करणारा आदेश काढला. टीडीसॅट या दूरसंचार लवादाने तो पुढच्या वर्षी रद्द केला. तो वाद तुमचा आणि ट्रायचा. पण नंबर फिरवण्याच्या बाबतीत तुमच्या बाजूने असा कोणताही निकाल आमच्या माहितीत नाही, हे विसरू नका. डीडी फ्री डिश या सरकारी मोफत डिश सेवेवरच्या जागा प्रसार भारती निदान उघड लिलावाने विकते. तुम्ही आमच्या घरातली जागा बंद खोलीत विकता.

याची किंमत कोण मोजते ते सांगतो. आमच्या मागच्या चाळीत एक आजी एकट्या राहतात. मोतीबिंदूने दिसणे जवळजवळ गेलेले. रिमोटवरचे आकडे त्या बोटांनी ओळखतात. पाचच्या बटणावरचा बारीक उंचवटा चाचपायचा आणि तिथून वर-खाली मोजत जायचे. लेकाने त्यांना बातम्यांचा एक आणि मालिकांचा एक असे दोनच नंबर शिकवले होते. नंबर फिरले त्या संध्याकाळी त्यांच्या घरात मसाज मशीन विकणारा माणूस तासभर ओरडत होता आणि त्यांना तो बंद कसा करायचा ते सुचत नव्हते. या पावसाळ्यात धरणातून पाणी सोडले तेव्हा नदीकाठच्या गल्ल्यांत लोक रात्री अकरा वाजता बातम्या शोधत बसले होते. नेहमीच्या नंबरवर काळा पडदा होता. आम्ही दारोदार जाऊन कोणती वाहिनी कुठे गेली ते सांगत होतो. त्या रात्री कोणाचा जीव गेला असता, तर तुम्ही ‘तांत्रिक कारण’च लिहून दिले असते का?

तुमच्या भांडणात तुमची स्वतःची माणसेही भरडली जात आहेत. वसुलीला येणाऱ्या पोरांना प्रत्येक दारात बोलणी खावी लागतात. नंबर कंट्रोल रूममधून हलतो, त्यात त्यांचा हात नाही, हे आम्हाला कळते. रात्रीत फायबर कापण्याचे प्रकारही सुरू झाले आहेत. कोण कापतो हे पोलिसांनी शोधावे. आम्ही फक्त सांगतो की आमच्या इमारतींच्या गच्च्यांवर आता रात्री आमची माणसे असतील, आणि जो सापडेल तो कोणाच्याही कंपनीचा असो, थेट चौकीत जाईल.

वाहिन्यांनाही हाच इशारा आहे. पुढचा नंबर विकत घेऊन तुम्ही जो प्रेक्षक मोजता, तो चुकून तिथे आलेला असतो. तुमच्या संपादकांनी रोज सत्तेला जाब विचारायचा आणि तुमच्या वितरण विभागाने आमचा रिमोट विकत घ्यायचा, हे एका घरात नांदत नाही.

पंधरा दिवसांत नंबर परत आले नाहीत तर काय होईल ते आताच ऐका. ट्राय कायद्याच्या कलम १४ नुसार ग्राहकांच्या गटाला सेवा देणाऱ्या कंपनीविरुद्ध टीडीसॅटमध्ये जाता येते. एकट्या ग्राहकाने काय होणार, या भरवशावर तुम्ही आहात. आम्ही गट म्हणून येत आहोत. त्याच वेळी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात एकत्रित तक्रार दाखल होईल. स्पर्धा आयोगाचे दारही उघडे आहे. पंजाबातल्या फास्टवे या केबल कंपनीच्या प्रकरणात आयोगाने २०१२ मध्ये सुमारे आठ कोटींचा दंड ठोठावला होता. तो दंड सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही, हे तुमचे वकील सांगतीलच. पण २०१८ च्या त्याच निकालात न्यायालयाने म्हटले आहे की दांडग्या केबल कंपनीने वाहिनीची बाजारपेठ अडवली, तर ती वाहिनी तिची स्पर्धक आहे की नाही हा प्रश्न गौण ठरतो. तेही त्यांना विचारा.

आणि आम्ही कनेक्शन सोडू. तुमचा बॉक्स दुसऱ्याकडे चालत नाही, नव्या बॉक्सचे पैसे पुन्हा भरावे लागतील, हे ठाऊक असूनच लोकांनी सह्या केल्या आहेत. त्यांत गल्लीबोळातली घरे आहेत, नदीकाठची आहेत, मोठ्या सोसायट्याही आहेत. ज्यांची मुदत महिनाअखेरीस संपते ते रिचार्ज करणार नाहीत.

सह्यांचे मूळ कागद आमच्याकडे आहेत. प्रती आज दोन्ही कार्यालयांत पोच घेऊन दिल्या. जिल्हाधिकारी हे केबल कायद्याखालचे प्राधिकृत अधिकारी आहेत. त्यांच्या नावाचे निवेदन तयार आहे, त्यावरची तारीख तेवढी कोरी ठेवली आहे. सोळाव्या दिवशी सकाळी कार्यालय उघडताच आम्ही ती भरू.