खालिद जमील यांना कोणत्या मापाने मोजायचं?

18 नोव्हेंबरला ढाक्यात भारताचा फुटबॉल संघ बांगलादेशाकडून 0-1 असा हरला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मला नववीच्या दोन मुलांचं भांडण सोडवावं लागलं. एक म्हणत होता, "कोचला काढा." दुसरा चिडून म्हणाला, "खालिद जमील आपला माणूस आहे, त्यांना काही बोलायचं नाही." मी उर्दू-मराठी शिकवणारा शिक्षक, फुटबॉलचे डावपेच मला फारसे कळत नाहीत. पण ही दोन्ही वाक्यं मला खटकली.

ऑगस्टमध्ये खालिद यांची नेमणूक झाली तेव्हा बहुतेक चाहते खूश होते. भारताला कितीतरी वर्षांनी कायमस्वरूपी भारतीय प्रशिक्षक मिळाला होता. जन्म कुवेतचा, कारकीर्द मुंबईच्या मैदानांवर घडलेली. 2017 साली त्यांनी आयझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून दिली होती. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये काफा नेशन्स कपमध्ये भारताने ताजिकिस्तानला त्यांच्याच देशात 2-1 ने हरवलं, ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये नमवलं आणि तिसरा क्रमांक मिळवला. आमच्या मोहल्ल्यातल्या चहाच्या टपरीवरही त्यांचं नाव निघू लागलं.

ऑक्टोबरमध्ये चित्र पालटलं. सिंगापूरमध्ये 1-1 अशी बरोबरी झाली. मग मडगावच्या फातोर्डा मैदानावर छांगतेच्या गोलने आघाडी घेऊनही आपण 1-2 ने हरलो. 2027 च्या आशियाई चषकाचा दरवाजा बंद झाला. त्यावर ढाक्याचा पराभव. बांगलादेशाने आपल्याला तब्बल 22 वर्षांनी हरवलं.

आता काही चाहते म्हणतात, खालिद फार बचावात्मक खेळवतात, नुसते लांब चेंडू मारायला लावतात. काही म्हणतात, 41 वर्षांच्या सुनील छेत्रीकडे पुन्हा जावं लागणं हीच नामुष्की. हे प्रश्न रास्त आहेत. घरच्या मैदानावर आघाडी घेऊन हरलो, त्याचा जाब प्रशिक्षकालाच द्यावा लागेल.

पण मी शिक्षक आहे, म्हणून दुसरी बाजूही दिसते. अर्धं वर्ष उलटल्यावर एखादा वर्ग हाती येतो. आधीच्या चाचण्यांचे गुण हजेरीपटाला चिकटलेले असतात, आणि निकाल मात्र नव्या शिक्षकाच्या नावावर लागतो. खालिद यांचं तसंच झालं. ते आले तेव्हा पात्रता फेरीतल्या दोन सामन्यांत भारताच्या खात्यात एकच गुण होता. त्यांच्या आधीचे मानोलो मार्केझ एकाच वेळी एफसी गोवा आणि भारत असे दोन संघ सांभाळत होते. त्यांच्याआधी स्टिमाच पाच वर्षं होते. त्यांच्या काळात 2023 साली सॅफ चषक जिंकलो, आणि 2024 च्या सुरुवातीला आशियाई चषकात तिन्ही सामने एकही गोल न करता हरलो. म्हणजे दुखणं जुनं आहे.

त्यात महासंघ आणि त्याचा व्यावसायिक भागीदार यांच्या करारात इंडियन सुपर लीगचा हंगाम अडकला. 2025 चा नोव्हेंबर संपत आला तरी लीग सुरू झाली नव्हती. लीग सुरू असते तेव्हाही बरेच क्लब गोल करायची जागा परदेशी खेळाडूला देतात. मग भारताचा स्ट्रायकर तयार कुठे होणार? तालमीशिवाय पहिलवान आखाड्यात उतरवायचा आणि हरला की वस्तादाला शिव्या द्यायच्या, हा कुठला इन्साफ?

आता त्या "आपला माणूस" बद्दल. खालिद यांच्या यशाचा मलाही आनंद होतो, तो मी लपवत नाही. पण आपला माणूस म्हणून चुका झाकणं हा त्यांचा सन्मान नव्हे. आणि ज्यांना त्यांच्या नावातच खोट दिसते, त्यांना एवढंच सांगेन की टीका खेळावर करा. ख्रिस्तीबहुल मिझोरमच्या क्लबला त्यांनी विजेतेपद मिळवून दिलं ते कामाच्या जोरावर. त्याच कामावर त्यांना जोखा.

माझं मत विचाराल तर खालिद यांना किमान दोन वर्षं द्यावीत, पण हिशेबासकट. किती तरुणांना संधी दिली, संघ गोल करायला शिकला का, हे दर सहा महिन्यांनी विचारावं. आणि महासंघाला पहिला प्रश्न लीगचा विचारावा.

त्या दोन मुलांना मी हेच सांगितलं. कोचला काढा म्हणणारा थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "सर, मग लीग कधी सुरू होणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्यांच्याकडे असायला हवं, त्यांना कोणी फारसं विचारत नाही.