आजोबांच्या नावाचे मीटर

शिरूर आणि दौंड तालुक्यांत घरगुती बिल फुगण्याचे एक कारण क्लॅम्प मीटरवर दिसत नाही. ते बिलाच्या पहिल्या ओळीत छापलेले असते: ग्राहकाचे नाव. ग्राहक वारून पंधरा वर्षे झालेली असतात.

न्हावऱ्यापासून पाटसपर्यंत चित्र सारखेच. भाऊ वेगळे झाले, चुली तीन झाल्या, मीटर एकच राहिले, तेही आजोबांच्या नावाचे. तिन्ही घरांचा वापर 240 युनिट धरला, तर 140 युनिट 101 ते 300 च्या टप्प्यात जातात, आणि तिथला ऊर्जा आकार पहिल्या टप्प्याच्या दुपटीच्या घरात आहे. वर 16 टक्के वीज शुल्क. तीन मीटर असते तर प्रत्येकी 80 युनिट पहिल्याच टप्प्यात बसले असते आणि दोन जादा स्थिर आकार भरूनही पैसे उरले असते. उपमीटर लावून भाऊ आपसांत हिशेब करतात, पण त्याने टप्पा बदलत नाही. फक्त भांडण नेमके होते.

छतावरच्या सौर पॅनेलसाठी प्रधानमंत्री सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये आली, तिथेही हेच नाव आडवे येते. 1 किलोवॅटला 30 हजार, 2 ला 60 हजार, 3 आणि पुढे 78 हजार रुपये अनुदान. अर्ज वीजग्राहकाच्या नावे, अनुदान त्याच्याच बँक खात्यात. मृताला खाते कुठले? म्हणून आधी नावबदल. त्यासाठी जागेचा उतारा. तर नमुना 8 वरही आजोबाच. वारसनोंदीला सर्वांच्या सह्या हव्यात, आणि एक भाऊ चिंचवडला, बहीण नगरला. वीज कार्यालय ग्रामपंचायतीकडे बोट दाखवते, ग्रामपंचायत वारसांकडे. तोवर पॅनेलच्या कोटेशनची मुदत उलटते. दर महिन्याला बिल भरून घेताना मात्र मृताचे नाव कोणत्याच खिडकीवर अडत नाही. बिनतक्रार घरात, सर्व वारसांच्या एका संमतीपत्रावर आणि मृत्यूच्या दाखल्यावर नाव बदलायला काय हरकत आहे, याचे उत्तर अधिकाऱ्यांनी द्यायला हवे.

पॅनेल बसवणाऱ्या ठेकेदारांचेही चुकते. पहिल्या फेरीत छत मोजायचे, ॲडव्हान्स घ्यायचा आणि बिल शेवटी बघायचे, ही खोड जात नाही. शिवाय 1 किलोवॅटमधून महिन्याला साधारण 120 युनिट मिळत असताना शंभर युनिटच्या घराला 3 किलोवॅट गळ्यात मारले जाते, कारण 78 हजारांचा आकडा सांगायला बरा वाटतो. त्याआधी पंखे बघावेत. 75 वॅटचे चार जुने पंखे रोज दहा तास फिरले की महिन्याला 90 युनिट. 30 वॅटचे बीएलडीसी पंखे बसवले तर 36. वाचलेल्या 54 युनिटांसाठी ना उतारा लागतो, ना सही. गिझरचा थर्मोस्टॅट आणि जुन्या वायरिंगमधली अर्थ गळतीही त्याच फेरीत तपासून होते.

यंदाच्या उन्हाळ्याआधी प्रत्येक परवानाधारक ठेकेदाराने आपल्या जुन्या ग्राहकांची बिले काढून बसावे. ज्या बिलावर मृताचे नाव आहे, त्या घरी छत मोजायची टेप न नेता नावबदलाचा कोरा अर्ज घेऊन जावे. गावी यात्रेला सगळी भावंडे जमतात. सह्या त्याच दिवशी होतील.